मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे

हल्ली कविता कशी लिहावी हे शिकविण्याचे वर्ग भरतात. ज्ञातिबांधवांची मुलेही तेथे जातात. त्यात आम्हांस काही गैर वाटत नाही. परंतु अशा विद्यार्थ्याने प्रथम ज्यांचे चरित्र वाचावे असे एक कवी आपल्याच बुलढाणा जिल्ह्यात होऊन गेले, आणि ते पेशाने शिक्षक नव्हे, वकील होते.

नागोराव घनश्याम देशपांडे यांचा जन्म 21 ऑगस्ट 1909 रोजी शेंदुर्जन येथे झाला. कायद्याचे शिक्षण पुरे करून त्यांनी मेहकरास वकिली केली. कविकीर्ती हवी असेल त्याने पुण्यामुंबईची वाट धरावी असा तो काळ. नागोराव मात्र पैनगंगेकाठच्या त्या तालुक्याच्या गावीच राहिले.

त्यांची 'शीळ' ही कविता जी. एन. जोशी यांनी गाइली. 1930 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत निघालेली तिची ध्वनिमुद्रिका मराठी भावगीताच्या अगदी आरंभीच्या ध्वनिमुद्रिकांत गणली जाते. तबकडी घेणारा ती गळ्यासाठी घेतो; शब्द कोणाचे, हे क्वचितच विचारतो. गाणे महाराष्ट्रभर गेले, आणि 'शीळ' हा पहिला संग्रह निघाला तो 1954 साली, कवी पंचेचाळिशीस टेकले तेव्हा!

एवढे थांबणे आजच्या होतकरू कवीस साधेल काय, अशी शंका येते. दुसरा संग्रह 'अभिसार' 1963चा, आणि तिसरा 'खूणगाठी' थेट 1985चा. मधल्या बावीस वर्षांस कोणी आळस म्हणेल. आमचे मत निराळे आहे. कवितेवर ज्याला पोट भरावयाचे नाही, त्याला कच्ची ओळ छापून टाकण्याची निकड नसते. पक्षकारांच्या दाव्यांनी संसार चालविला, म्हणून कविता मोकळी राहिली. प्रीती आणि निसर्ग हे तिचे विषय. रानाशिवारातले साधे शब्द आणि अंगची गेयता हे तिचे धन. 'खूणगाठी'स 1986चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

मेहकरातील कंचनीच्या महालाचे भग्नावशेष आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील, आणि जुने पडके म्हणून पुढे गेलेही असतील. नागोरावांनी त्याच वास्तूवर कविता रचली. 'कंचनीचा महाल' हा संग्रह 1996 साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांचे वय सत्त्याऐंशीच्या घरात होते. 10 मे 2000 रोजी त्यांचे देहावसान झाले.