एक्स-रेमधला ‘एक्स’ कोण?

गणितात माहीत नसलेल्या गोष्टीला तुम्ही काय म्हणता? ‘एक्स’! एक्स-रेमधला एक्सही तोच.

शिक्षकांचं व्यंगचित्र काढणाऱ्या वर्गमित्राचं नाव सांगितलं नाही, म्हणून विल्हेल्म रॉन्टजेन यांना शाळेतून काढलं होतं. तरी पुढे ते जर्मनीत फिजिक्सचे प्रोफेसर झाले. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी वुर्झबर्गच्या लॅबमध्ये त्यांना अनोळखी किरण सापडले. काही आठवड्यांत त्यांनी बायकोच्या हाताची हाडं फोटोत टिपली! लोक ‘रॉन्टजेन किरण’ म्हणू लागले, पण त्यांना ‘एक्स’च हवा होता. पेटंटही घेतलं नाही. १९०१ मध्ये फिजिक्सचं पहिलं नोबेल मिळालं, ते पैसे युनिव्हर्सिटीला दिले. १९२३ मध्ये ते गेले.

किरणांचं कोडं पुढे सुटलं, एक्स मात्र राहिला. पुढच्या वेळी एक्स-रे काढाल तेव्हा आठवा!