मिशीवाल्या आईचा वर्ग

१९८८ साली बँकेनं माझी बदली भावनगरला केली. अलंगच्या किनाऱ्यावर जुनी जहाजं फोडण्याचा धंदा तेव्हा भरात होता आणि त्यामुळे आमच्या शाखेतही कामाला तोटा नव्हता. घरी पोचायला रात्रीचे आठ वाजायचे. मुलगा सात वर्षांचा, दुसरीत. जेवणाआधी अर्धा तास त्याचं गणित घ्यायचं, हा मी स्वतःला घालून घेतलेला नियम होता.

त्या दिवशी शाखेत सव्वीस पैशांचा फरक सापडत नव्हता. बँकेबाहेरच्या माणसाला हे सांगून पटत नाही, पण सव्वीस पैशांसाठी चार माणसं रात्री उशिरापर्यंत लेजरं चाळत बसलेली मी पाहिली आहेत. तो फरक डोक्यात घेऊनच मी घरी आलो. मुलाला वजाबाकी घातली, बावन्नातून सत्तावीस. त्यानं उत्तर लिहिलं पस्तीस. मी खोडलं, समजावलं. पुन्हा पस्तीस. तिसऱ्यांदा पस्तीस आलं तेव्हा मी त्याच्या थोबाडीत मारली. तो रडला नाही. पेन्सिल धरून बसून राहिला आणि चौथ्यांदा पस्तीस लिहिलं.

भिंतीपलीकडे एक निवृत्त प्राथमिक शिक्षक राहत. भिंत पातळ होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले, चहा घेतला, आदल्या रात्रीविषयी एक शब्द काढला नाही आणि जाताना गुजराती अक्षरांतलं एक लहानसं पुस्तक टेबलावर ठेवून गेले. चेकवरच्या सह्या आणि अर्ज वाचून वाचून मला गुजराती अडखळत का होईना, वाचता येऊ लागलं होतं. पुस्तकाचं नाव ‘दिवास्वप्न’. लेखक गिजुभाई बधेका.

भावनगरात तख्तेश्वराचं पांढरंशुभ्र देऊळ टेकडीवर आहे. त्याच टेकडीच्या परिसरात गिजुभाईंचं बालमंदिर. मी रोज स्कूटरवरून त्या बाजूनं जात होतो आणि ती एक जुनी शाळा आहे, यापलीकडे मला तिची काही खबर नव्हती.

गिरिजाशंकर भगवानजी बधेका यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८८५ चा, सौराष्ट्रातल्या चितळ गावचा. भावनगरच्या शामळदास कॉलेजात ते गेले, पण शिक्षण अर्धवट सोडून १९०७ मध्ये पोटापाण्यासाठी पूर्व आफ्रिकेला निघाले. दोन वर्षांनी परतले, मुंबईत कायद्याचा अभ्यास केला आणि वढवाण कॅम्पला, म्हणजे आजच्या सुरेंद्रनगरला, वकिली सुरू केली. बरी चालली होती. माणूस असाच राहिला असता तर एक सुखवस्तू काठेवाडी वकील म्हणून संपला असता आणि आज आपल्याला त्याचं नावही ठाऊक नसतं.

१९१३ मध्ये त्यांना मुलगा झाला, नरेंद्र. या मुलाला शिकवायचं कसं, हा प्रश्न बापाला पडला. स्वतःची शाळा त्यांना आठवत होती. घोकंपट्टी, छडी, अंगठे धरून उभं राहणं. आपल्या पोरानं त्यातून जावं असं त्यांना वाटेना. एवढं तर पुष्कळ बापांना वाटतं, आणि पुष्कळ बाप पुढं एखादी त्यातल्या त्यात बरी शाळा शोधून मोकळे होतात. गिजुभाई खेडा जिल्ह्यातल्या वसो गावी मोतीभाई अमीन यांच्याकडे गेले. ग्रंथालयांच्या आणि शिक्षणाच्या कामात आयुष्य घातलेला हा माणूस. त्यांनी गिजुभाईंच्या हाती मारिया मॉन्टेसरींच्या पद्धतीवरचं पुस्तक दिलं. पुस्तक वाचून वकील बिघडला, असं त्यांचे पक्षकार म्हणाले असतील तर नवल नाही.

भावनगरात नानाभाई भट्टांनी १९१० मध्ये दक्षिणामूर्ती ही संस्था काढली होती. १९१६ मध्ये गिजुभाई वकिली सोडून तिथं दाखल झाले. आधी वसतिगृह, मग मोठ्या मुलांची शाळा. मोठ्यांना शिकवताना त्यांच्या ध्यानात आलं की आपण फार उशिरा पोचतो आहोत. भीती, खोटं बोलणं, पाठांतराची सवय हे सगळं तोवर पक्कं झालेलं असतं. म्हणून १९२० मध्ये अडीच वर्षांपासूनच्या मुलांसाठी बालमंदिर निघालं. एक मिशाळ पुरुष दिवसभर लहानग्यांत बसतो, त्यांची नाकं पुसतो, त्यांच्याबरोबर गातो, हे त्या काळच्या भावनगरला पाहायला मिळालं. लोकांनी त्यांना नाव दिलं ‘मूछाळी मा’. मिशीवाली आई.

मॉन्टेसरीबाईंची पद्धत त्यांनी मनापासून घेतली, पण पोथीसारखी घेतली नाही. मुलाला मोकळेपणानं काम निवडू द्यावं, शिक्षकानं आधी पाहावं आणि मग हात घालावा, शिक्षा नको तसंच बक्षीसही नको, हे सारं त्यांना पटलं. मात्र पऱ्या-राक्षसांच्या कल्पित गोष्टी लहान मुलांना सांगाव्यात, हे बाईंना फारसं मान्य नव्हतं. काठेवाडच्या माणसाला हे कसं मानवावं? तिथं लोककथा हवेत असतात. गिजुभाईंनी गोष्टी गोळा केल्या, लिहिल्या, सांगितल्या, आणि गोष्ट कशी निवडावी नि कशी सांगावी यावर शास्त्र म्हणावं असा ग्रंथ लिहिला. लोकगीतं, माती, नाटक हेही त्यांच्या शाळेत आलं. महागड्या साधनांवाचून अडून बसायचं नाही, हा व्यवहारी बाणाही त्यांच्यात होता.

आता ‘दिवास्वप्न’. पुष्कळांना ते गिजुभाईंचं आत्मकथन वाटतं. ती कादंबरी आहे, १९३० च्या दशकाच्या आरंभी लिहिलेली. लक्ष्मीराम नावाचा शिक्षक शिक्षणाधिकाऱ्याकडे जातो आणि मला एका वर्षासाठी चौथीचा वर्ग द्या म्हणतो. अधिकारी देतो. पण अभ्यासक्रम तोच, आणि वर्षाच्या शेवटी परीक्षाही द्यायची. ही अट मला फार महत्त्वाची वाटते. टेकडीवरच्या निवडक मुलांच्या शाळेत काहीही करता येईल, हा आक्षेप गिजुभाईंच्या कानावर आला असणारच. म्हणून त्यांनी आपला प्रयोग कादंबरीत नेऊन ठेवला तो सरकारी शाळेतल्या दाटीवाटीच्या वर्गात, कुरकुरणाऱ्या सहशिक्षकांमध्ये आणि धाकात वाढलेल्या मुलांमध्ये.

पहिल्या दिवशी लक्ष्मीराम पुरता फसतो. तो वर्गात शांतीचा खेळ घेतो. दारं-खिडक्या लावून, काही न बोलता बसायचं आणि बारीक आवाज ऐकायचे. आधीपासून तयार झालेल्या मुलांत हा खेळ रंगतो. इथं पोरं म्याव म्याव करतात, पाय आपटतात. सगळी तयारी वाया जाते. शेवटी तो वर्गाला सुटी देऊन टाकतो आणि मुख्याध्यापकांची बोलणी खातो. स्वतःच्या पद्धतीचा पराभव पहिल्याच प्रकरणात लिहायला लेखकाकडे धाडस लागतं. मी पाच कादंबऱ्या लिहिल्या, माझ्या एकाही नायकाला पहिल्या वीस पानांत असं तोंडघशी पाडायचा धीर मला झाला नाही.

दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सुरू करतो. वर्ग गप्प. मग गोष्ट थोडी थांबवायची, हजेरी घ्यायची, मुलांना नीट बसवायचं आणि पुन्हा गोष्ट. छडीनं जी शिस्त येत नव्हती ती पुढं काय झालं या उत्सुकतेपोटी येते. पाठ्यपुस्तकांच्या पैशांतून तो गोष्टींची पुस्तकं आणवतो आणि वर्गाचं वाचनालय करतो. वाचन तिथून सुधारतं. मुलांच्या मळक्या टोप्या, वाढलेली नखं, तुटलेली बटणं याकडे तो पाहतो. व्याकरण खेळातून येतं, इतिहास गोष्टीतून. नाटक होतं. आणि परीक्षेला मुलं उतरतात.

वाचताना माझ्या कानाशी एक खवचट आवाज बोलत होता, तो इथं नोंदवतो. लक्ष्मीरामाला साहेब फार चांगला भेटला. खऱ्या नोकरीत डिसेंबरातच त्याची बदली झाली असती. आणि ही मुलं पाचवीत गेल्यावर त्यांना कोण भेटलं? पुस्तक ते सांगत नाही. नावातच त्यांनी सगळं दिवसाढवळ्या पडलेलं स्वप्न म्हणून कबूल केलं आहे, तेव्हा तक्रार करायची कुणाकडे?

पण एक गोष्ट मला त्या पुस्तकातून सुटेना. लक्ष्मीराम मुलांना सुधारण्याआधी ती काय करताहेत हे बघतो. चारेक दिवसांनी मी मुलाशेजारी बसलो आणि बावन्नातून सत्तावीस कसे काढतोस ते मला शिकव म्हणालो. आधी तो माझ्या हातांकडे पाहत राहिला. मग हळूच त्यानं दाखवलं. दोनातून सात जात नाहीत. लहान आकडा नेहमी मोठ्यातून काढायचा. म्हणून सातातून दोन गेले, पाच राहिले. पाचातून दोन गेले, तीन. पस्तीस. लहान मोठ्यातून काढायचा, हे त्याला कुणी सांगितलं होतं? मीच, आदल्या वर्षी, एक आकडी वजाबाकी शिकवताना. पोरगं माझाच नियम इमानानं चारही वेळा पाळत होतं. मग आम्ही काड्यांच्या दहा-दहाच्या जुड्या बांधल्या. पाच जुड्या, दोन सुट्या. एक जुडी सोडायची युक्ती त्याला त्याचीच सुचली.

गिजुभाईंच्या टेकडीवर एक मराठी बाई १९२३ मध्ये आल्या, ताराबाई मोडक. राजकोटला अध्यापिका घडवणाऱ्या महाविद्यालयाचं प्राचार्यपद सोडून त्या आल्या होत्या. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला आणि ‘शिक्षण पत्रिका’ निघू लागली. पुढं ताराबाईंनी १९३६ मध्ये दादरला शिशुविहार काढलं, आणि १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ तिथं त्यांना येऊन मिळाल्या. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांच्या अंगणात न्यायची, ही युक्ती तिथली. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. सरकारनं १९७५ मध्ये गावोगावी अंगणवाड्या सुरू केल्या, तो शब्दही त्या अंगणातला. एका काठेवाडी वकिलाला आपल्या मुलाची काळजी वाटली नसती, तर डहाणूच्या वारली पाड्यांवर हे घडलं असतं का, असा विचार मनात येतो.

गिजुभाईंची लेखणी दमली नाही. मुलांसाठी आणि पालक-शिक्षकांसाठी त्यांची लहानमोठी मिळून दोनशेच्या वर पुस्तकं झाली. १९३० च्या सत्याग्रहात ते उतरले. १९३६ मध्ये त्यांनी दक्षिणामूर्ती सोडली. २३ जून १९३९ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी. त्याच वर्षाच्या अखेरीस मारिया मॉन्टेसरी मद्रासला येऊन पोचल्या. त्यांच्या पद्धतीला हिंदुस्थानी मातीत रुजवणारा माणूस काही महिन्यांपूर्वीच गेलेला होता.

शेजारच्या मास्तरांचं पुस्तक मी बदलीच्या वेळी परत द्यायला गेलो, त्यांनी घेतलं नाही. ते अजून माझ्या कपाटात आहे. मुलगा आता पुण्यात असतो, इंजिनीअर आहे. त्या थोबाडीतीविषयी आम्ही कधी बोललो नाही. त्याची मुलगी दुसरीत आहे. मी त्यांच्याकडे राहायला गेलो आणि संध्याकाळी तिनं गणिताची वही उघडली, की तो हातातलं काम ठेवून येतो, खुर्ची ओढतो आणि काही न बोलता आम्हां दोघांच्या मध्ये बसतो. मी मग गॅलरीत जाऊन थांबतो. गोष्टीची वेळ झाली की नात बोलावते.