नदीकाठचा तंबू

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर यवत मागे टाकले की भांडगाव लागते. गावाच्या उत्तरेस मुळा-मुठेचे पात्र आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर उगम पावलेल्या मुळा आणि मुठा या दोन नद्या पुण्यात एक होतात, आणि तो एकत्र प्रवाह पूर्वेकडे वाहत येऊन दौंड व शिरूर या तालुक्यांच्या सीमेवर भीमेला मिळतो. आमच्या लहानपणी या नदीचे पाणी लोक ओंजळीने पीत असत, असे सांगितले तर आजच्या मुलांना ते खरे वाटत नाही.

याच नद्यांच्या काठी सुमारे दोनशे वर्षांपूर्वी एक इंग्रज सेनाधिकारी तंबू ठोकून राहत असे. पहाटे उठून तो वायुभारमापकाचा पारा पाही, कोळ्यांनी आणलेले मासे न्याहाळी, त्यांची नावे विचारी आणि ती आपल्या वहीत उतरून घेई. त्याचे नाव विल्यम हेन्री साइक्स. पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्यांना हे नाव ठाऊक आहे, आणि हरिश्चंद्रगडावर जाणाऱ्यांच्या तर ते तोंडी आहे. पण त्याचे चरित्र आपल्याकडे फारसे कोणी वाचलेले नसते.

साइक्सचा जन्म २५ जानेवारी १७९० रोजी झाला. त्याचे घराणे इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यातले. चौदा वर्षांचा होण्याच्या सुमारासच तो ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात दाखल झाला. ज्या वयात आपल्याकडील मुले आठवीच्या वर्गात बसतात, त्या वयात हा मुलगा समुद्रापलीकडे लढाईचे शिक्षण घेत होता. १८०५ साली भरतपूरच्या वेढ्यात तो लॉर्ड लेकच्या हाताखाली होता. पुढे त्याने हिंदुस्तानी आणि मराठी या दोन्ही भाषांचा अभ्यास केला व त्यांत दुभाष्याची परीक्षा दिली. ही मराठी त्यास जन्मभर उपयोगी पडली.

नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकी येथे पेशव्यांचे सैन्य आणि कंपनीचे सैन्य यांची गाठ पडली. त्या लढाईत आणि पाठोपाठ झालेल्या पुण्याच्या लढाईत साइक्स कंपनीच्या बाजूने लढला. त्यानंतरच्या मोहिमेत डोंगरी किल्ले काढून घेण्याच्या कामावरही तो होता. ही गोष्ट झाकून ठेवण्याचे कारण नाही. मराठी राज्य बुडविणाऱ्यांपैकी तो एक होता, आणि पुढे ज्या मुलखाचा त्याने इतक्या आस्थेने अभ्यास केला तो मुलूख त्याने शस्त्राच्या बळावर पाहिलेला होता. त्याचे चरित्र वाचताना या दोन्ही गोष्टी एकदमच ध्यानी धराव्या लागतात.

लढाया संपल्यावर साइक्स काही वर्षे युरोपात प्रवास करीत होता. १८२४ साली तो परत आला, तेव्हा मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने त्यास एक नवे काम दिले. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड हे चार जिल्हे नव्याने कंपनीच्या अमलाखाली आले होते. तेथे लोक किती, जमिनी कोणाच्या, पिके कोणती, पाऊस किती, या सर्वांची पाहणी करून अहवाल द्यावयाचा होता. या कामाचा मूळ हेतू उघड आहे. ज्या मुलखातून महसूल घ्यावयाचा, त्याची नीट माहिती राज्यकर्त्यांस हवी होती. साइक्सने ते काम चोख केले. लोकसंख्या मोजली, गावच्या पाटील-कुलकर्ण्यांचे हक्क, बलुतेदारांची वतने, जमिनीचे निरनिराळे प्रकार यांची टिपणे केली. पण तो तेवढ्यावर थांबला नाही, म्हणूनच त्याचे चरित्र सांगावेसे वाटते.

नद्यांतील मासे मोजल्याने सरकारचा महसूल एका रुपयानेही वाढत नव्हता. तरी साइक्सने ते पाहिले. घाटमाथ्यावरून पूर्वेकडे वाहणाऱ्या भीमा, मुळा-मुठा, घोड या नद्यांतून मिळालेल्या माशांची चित्रे त्याने करवून घेतली. मासा पाण्याबाहेर आला की त्याचे रंग लवकर उतरू लागतात, हे कोळीवाड्यातील लहान पोरालाही माहीत असते. म्हणून ही चित्रे ताज्या माशांवरून, मापे घेऊन काढली जात. तळ नदीकाठीच असल्याखेरीज हे होणे शक्य नव्हते. शहरात बसून, मद्यार्कात बुडवून ठेवलेल्या फिकट माशावरून त्याचा खरा वर्ण कसा कळावा?

माशांना शास्त्रीय नावे देण्याची वेळ आली तेव्हा साइक्सने अनेक ठिकाणी येथील लोकांचेच शब्द घेतले. शिंगटी नावाचा मासा शास्त्रात सीन्गटी झाला, आणि कोलस व खुद्री हे शब्दही इथल्या नदीवरून उचलून तसेच लॅटिन नावांत जाऊन बसले. आपल्या ओळखीच्या विद्वानांचा मान त्याने अर्थातच राखला. काही मासे त्यांच्या नावाने ओळखले जातात. जाळे टाकणाऱ्याचे नाव मात्र कोणत्याही माशास मिळाले नाही. त्याचा शब्द तेवढा राहिला.

तळावरचा आणखी एक उद्योग पाहा. साइक्सजवळ वायुभारमापक आणि तापमापक होते. हवेचा दाब दिवसभर सारखा राहत नाही. तो ठरावीक वेळी चढतो आणि ठरावीक वेळी उतरतो. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास तो सर्वांत अधिक असतो, दुपारी चार-पाचला कमी होतो, रात्री पुन्हा चढतो आणि पहाटे पुन्हा उतरतो. समुद्राच्या भरती-ओहोटीसारखाच हा प्रकार आहे. मात्र तो मुख्यत्वे सूर्याच्या उष्णतेमुळे घडतो. दख्खनच्या पठारावर ही भरती-ओहोटी किती नियमित आहे, हे साइक्सने वर्षानुवर्षे नोंदी ठेवून दाखविले. यासाठी भल्या पहाटे, अंधारात, थंडीत उठून दिव्याच्या उजेडात पारा वाचावा लागतो. एक दिवस कोणीही उठेल. साइक्सच्या नोंदी १८२५ पासून १८३० पर्यंतच्या आहेत.

डोंगराची उंची मोजण्याची त्याची रीत शाळेतील मुलांनाही करून पाहता येईल. जसजसे आपण उंच जातो तसतसे पाणी कमी उष्णतेवर उकळू लागते. सुमारे ३०० मीटर चढले की उकळणाऱ्या पाण्याचे तापमान जवळजवळ एक अंशाने घटते. तेव्हा गडावर चूल पेटवावी, भांड्यात पाणी उकळावे आणि त्यात चांगला तापमापक धरावा. उंचीचा अंदाज येतो. मौल्यवान वायुभारमापक घाटवाटेत फुटण्याचे भय असे. त्याच्या जागी साधा तापमापक कसा वापरावा, यावर साइक्सने पुढे एक लेखही लिहिला.

असाच फिरत तो हरिश्चंद्रगडावर गेला. हा गड १,४२४ मीटर उंच आहे. याच्याच अंगावर मुळा नदीचा उगम आहे. ही पुण्याची मुळा नव्हे, प्रवरेला मिळणारी नगरची मुळा, हे विद्यार्थ्यांनी नीट लक्षात ठेवावे, कारण उत्तरपत्रिकांत हा घोटाळा मी कित्येक वर्षे तपासला आहे. आज हा सारा प्रदेश कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो. गडाच्या पश्चिमेस कोकणकडा आहे. तेथे जमीन एकाएकी संपते आणि खाली कोकण दिसते.

त्या दिवशी कोकणातून धुके वर चढत होते. ते कड्याच्या वर थोडे उठले होते, पण पठारावर येत नव्हते. जणू कड्याला लागून पांढरी भिंत उभी राहिली होती. साइक्स अगदी कडेशी होता. पाठीमागे, पूर्वेला, निरभ्र आकाशात सूर्य नुकता वर आला होता. अकस्मात समोरच्या धुक्यात त्यास इंद्रधनुष्य दिसले, पण ते नेहमीसारखे अर्धे नव्हते. ते पूर्ण वर्तुळ होते, अर्धे पायांच्या पातळीच्या वर आणि अर्धे खाली दरीत. त्या रंगीत कड्याच्या मधोमध त्याची स्वतःची, त्याच्या घोड्याची आणि बरोबरच्या माणसांची सावली, चौकटीत बसविलेल्या चित्राप्रमाणे स्पष्ट उमटली होती.

बरोबरच्या गड्यांचा आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना. त्या आकृती आपल्याच आहेत हे ते मानावयास तयार नव्हते. मग त्यांनी हात हलविले, पाय उचलले, अंगे वेडीवाकडी केली. आणि समोरच्या आकृतींनीही तसेच केले. मनातील भय जाण्यास तरीही काही वेळ लागला. मला या गड्यांचे मोठे कौतुक वाटते. त्यांनी घाबरून पळ काढला नाही. हात हलवून पाहिला. शास्त्राचा प्रयोग याहून निराळा काय असतो?

या दृश्याला गडावर जाणारे लोक इंद्रवज्र म्हणतात. सूर्य पाठीशी व खाली असला, आणि समोर धुके असले, म्हणजे धुक्याच्या सूक्ष्म थेंबांमुळे प्रकाश आपल्याकडे परत येतो आणि रंगांचे कडे दिसते. प्रत्येकास ते आपल्याच मस्तकाच्या सावलीभोवती दिसते. साइक्सने हे दृश्य १८३५ साली पाहिले, असे गडावरील माहितीत आणि पुस्तकांत वारंवार आढळते. ते बरोबर नाही. १८३५ हे त्याचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ग्रंथात छापला गेला ते वर्ष होय; तो स्वतः १८३१ मध्येच हिंदुस्थान सोडून गेला होता. म्हणजे हा प्रसंग त्यापूर्वीचा.

मीही एकदा शाळेतील मुलांना घेऊन पाचनईजवळच्या ओढ्याकाठी तळ दिला होता. तीन पहाटे आम्ही कोकणकड्यावर जाऊन उभे राहिलो. पहिल्या दिवशी धुके होते, सूर्य नव्हता. दुसऱ्या दिवशी सूर्य होता, धुके नव्हते. तिसऱ्या दिवशी पाऊस आला. मुले हिरमुसली. परंतु रात्री ओढ्याचा आवाज ऐकत तंबूत पडलो असता एका मुलाने विचारले की साइक्सला तरी ते कितव्या दिवशी दिसले असेल. या प्रश्नाचे उत्तर मजजवळ नव्हते.

पक्ष्यांच्या बाबतीत साइक्सचे काम सर्वांत मोठे ठरले. १८३२ साली त्याने दख्खनमधील पक्ष्यांची आणि सस्तन प्राण्यांची यादी लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे मांडली. त्यांतील पन्नासांहून अधिक पक्षी शास्त्राला नवे होते. आपल्या भाताच्या खाचरात आणि कालव्याच्या काठी मान आखडून बसणारी ढोकरी आपण रोज पाहतो. तिला शास्त्रीय नाव प्रथम साइक्सने दिले. माळावर टोळीने कलकलाट करीत फिरणाऱ्या मोठ्या करड्या सातभाईला त्याने गव्हर्नर माल्कमचे नाव दिले. दख्खनच्या चंडोलाच्या शास्त्रीय नावात देवा हा शब्द आहे आणि एका चिमुकल्या वटवट्याच्या नावात रामा आहे. संध्याकाळी रस्त्यावर बसणाऱ्या एका रातव्याचे नाव तर मराठ्यांवरूनच पडले आहे. क्वचित त्याची चूकही झाली. कोळसून या रानकुत्र्यास त्याने नवा प्राणी मानले होते, पण त्याची नोंद एका जर्मन शास्त्रज्ञाने आधीच केलेली निघाली.

डिसेंबर १८२९ मध्ये साइक्सचे पद सरकारने रद्द केले. काम अपुरे होते. पद गेले म्हणजे कागद बांधून ठेवावे आणि पलटणीत परत जावे, असे दुसऱ्या कोणी केले असते, आणि त्यास कोणी दोषही दिला नसता. साइक्सने हाती घेतलेली पाहणी चालूच ठेवली. ती जानेवारी १८३१ मध्ये पुरी झाली. त्यानंतरच तो रजेवर मायदेशी निघाला आणि १८३३ साली कर्नल म्हणून सैन्यातून निवृत्त झाला.

पुढचे आयुष्य मानाचे गेले. १८३४ मध्ये तो रॉयल सोसायटीचा सदस्य झाला. १८४० साली कंपनीच्या संचालक मंडळात त्याची निवड झाली आणि १८५६ साली तो त्या मंडळाचा अध्यक्ष झाला. चौदाव्या वर्षी ज्या कंपनीत तो दाखल झाला होता, तिच्या सर्वोच्च आसनावर तो बसला. आणि दोनच वर्षांनी, १८५७ च्या उठावानंतर, कंपनीचे राज्यच संपले. १८५७ पासून तो ॲबर्डीन शहराचा प्रतिनिधी म्हणून इंग्लंडच्या पार्लमेंटात होता. चीनमधील तैपिंग बंडाळीत इंग्रजांनी हात घालू नये, असे मत त्याने आपल्याच सरकारविरुद्ध मांडले. १६ जून १८७२ रोजी तो वारला.

खुद्री म्हणून त्याने ज्याची नोंद केली, तो दख्खनचा महाशीर. पुण्याच्या पूर्वेस सुमारे आठ मैलांवर मुळा-मुठेत तो मिळाला, असे साइक्सच्या नोंदीत आहे. म्हणजे आमच्या भांडगावाच्या वरच्या अंगास, याच पाण्यात. आज त्या पात्रातून शहराचे सांडपाणी वाहते आणि तेथे महाशीर सापडेल, अशी आशा कोणी धरीत नाही. लोणावळ्याजवळ वळवण येथे मात्र १९७० नंतर या माशाची पैदास करण्यात आली, आणि तेथील पिल्ले निरनिराळ्या नद्यांत व जलाशयांत सोडण्यात आली. त्या माशाच्या शास्त्रीय नावात खुद्री हा शब्द अद्याप तसाच आहे.