फादर मात्तेओ रिच्ची : तिशीत पुन्हा अक्षरे गिरवणारा मिशनरी

चीनमधील ख्रिस्तसभेच्या इतिहासात येशूसंघीय फादर मात्तेओ रिच्ची यांचे नाव मोठ्या आदराने घेतले जाते. गणिती, नकाशाकार व ग्रंथकार म्हणून जग त्यांना ओळखते. मात्र या सर्व कार्याचा पाया त्यांनी विद्यार्थी होऊन घातला, हे सहसा आपल्या ध्यानी येत नाही.

६ ऑक्टोबर १५५२ रोजी इटलीतील माचेराता या नगरात त्यांचा जन्म झाला. पित्याने कायद्याच्या शिक्षणासाठी त्यांना रोमला धाडले. परंतु १५७१ साली पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणादिवशी त्यांनी येशूसंघात प्रवेश केला. १५७८ मध्ये ते गोव्यास आले. तेथे ईशज्ञानाचा अभ्यास करीत असतानाच त्यांनी लॅटिन व ग्रीक भाषा शिकवल्या. १५८० साली कोचीन येथे त्यांना गुरुदीक्षा मिळाली. पुढे मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ रचणारे फादर थॉमस स्टीफन्स हेही १५७९ साली गोव्यात आले होते. एकाने मराठी आपलीशी केली. दुसऱ्याच्या वाट्याला चिनी आली.

ऑगस्ट १५८२ मध्ये मकाव बंदरी उतरले तेव्हा रिच्ची तिशीच्या उंबरठ्यावर होते. इतरांना ग्रीक शिकवणारा हा विद्वान येथे निरक्षर ठरला. चिनी लिपीला आपल्यासारखी बाराखडी नाही. हजारो अक्षरचिन्हे एकेक करून शिकावी लागतात. ती नुसती ओळखून भागत नाही. कुंचल्याची कोणती रेघ आधी व कोणती नंतर, याचाही क्रम ठरलेला आहे. वरची आधी, खालची नंतर. डावा भाग आधी, उजवा नंतर. आडवी व उभी रेघ एकमेकींना छेदत असतील तर बहुधा आडवी आधी. बंद चौकटीचे अक्षर असेल तर आतील भाग पुरा झाल्यावरच तळाची रेघ ओढावयाची. हा केवळ शिस्तीचा भाग नव्हे. भरभर लिहिताना रेघा एकमेकींत मिसळतात. क्रम चुकल्यास आकार बिघडतो व वाचणाऱ्यास अक्षर उमगत नाही.

चीनमध्ये त्यांनी ली मातौ हे नाव धारण केले. त्यातील ‘ली’ हे अक्षर सात रेघांचे आहे. डावीकडे धान्याचे ताट : प्रथम वरची तिरपी रेघ, मग आडवी, मग उभी, मग दोन्ही बाजूंना उतरणाऱ्या दोन. त्यानंतर उजवीकडे सुरी : एक आखूड उभी रेघ आणि शेवटी टोकाशी वळलेली लांब उभी रेघ. स्वतःचे नाव लिहिण्यासाठीदेखील दुसऱ्यांच्या वळणाने हात वळवावा लागे.

सहकारी फादर मिखेले रुज्जिएरी यांच्यासह त्यांनी पोर्तुगीज-चिनी शब्दकोशाचे काम हाती घेतले. १५८३ मध्ये ते चाओचिंग नगरात स्थायिक झाले. १५८९ मध्ये तेथील अधिकाऱ्याने त्यांना बाहेर काढले आणि सारे पुन्हा आरंभापासून सुरू करावे लागले. तरी अभ्यास थांबला नाही. १५९४ साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, ते शिक्षकाकडून दररोज धडे घेत व चिनी लेखनाचा सराव करीत. पुढच्याच वर्षी मैत्री या विषयावरील त्यांचा चिनी ग्रंथ सिद्ध झाला. ज्या पंडितांनी परका म्हणून त्यांना दूर ठेवले असते, तेच आता त्यांच्या भेटीस येऊ लागले. १६०१ मध्ये ते बीजिंगला पोहोचले. मकावला उतरून अठरा वर्षे लोटली होती. १६०७ साली विद्वान मित्र शू ग्वांगची यांच्या साहाय्याने युक्लिडच्या भूमितीचे पहिले सहा खंड चिनीत प्रसिद्ध झाले.

११ मे १६१० रोजी बीजिंगमध्ये त्यांचे निधन झाले. सम्राटाने त्यांच्या दफनासाठी जागा दिली. परकीयास हा मान विरळाच. १७ डिसेंबर २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांना ‘वंदनीय’ म्हणून मान्यता दिली.

प्रिय वाचकहो, चिनी भाषेत क्रुसाला ‘दहा’ या अक्षरावरून नाव मिळाले आहे. ते अक्षर दोनच रेघांचे : आधी आडवी, मग उभी. फादर रिच्ची यांनीही आधी माणसांकडे हात पसरला आणि मगच वर बोट दाखवले. आपण मात्र समोरच्याची भाषा शिकण्याआधीच त्याला शिकवू पाहतो. त्यांच्या अठरा वर्षांच्या वाटचालीपुढे आपली घाई तपासून पाहावी.