डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांचें चरित्र

हृदय म्हणजे माया-ममतेचें घर, ही समजूत आपल्या समाजांत फार जुनी आहे. त्या घरास वस्तुतः चार खोल्या व चार दारें असून, बिघडलेलें दार माणसाच्या हातानें दुरुस्त होऊं शकतें, हें मुंबईंत ज्यांनीं करून दाखविलें त्या डॉ. सेन यांचें चरित्र आज वाचकांपुढें ठेवणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

सेन बंगाली कुळांतील. जन्म १९१५ सालचा. कर्मभूमि मात्र परळ. तेथील सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय विद्यालय १९२६ सालीं सुरू झालें तें एका व्यापारी घराण्याच्या देणगीवर. आणि देणगीची अट अशी कीं, अध्यापक हिंदीच असावेत व ते सरकारी नोकरींतील नसावेत. एतद्देशीयांस ही विद्या साधणार नाहीं असें म्हणणाऱ्यांस पेढीनें दिलेलें तें उत्तर होतें. सेन यांनीं तें के. ई. एम. रुग्णालयांत खरें करून दाखविलें.

शरीरांतून परतलेलें काळसर रक्त हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यांत येतें, तेथून खालच्या कप्प्यांत व पुढें फुफ्फुसांत जातें. तेथें प्राणवायु घेऊन तें डाव्या वरच्या कप्प्यांत परततें, आणि डावा खालचा कप्पा तें सर्वांगास पोंचवितो. वाटेवरील चारही झडपा एकाच दिशेस उघडतात, म्हणून रक्त मागें फिरत नाहीं. हें अभिसरण इंग्लंडांत विल्यम हार्वे यानें १६२८ सालीं सप्रमाण मांडलें. लहानपणीं घसा सुजून उपचार न झाल्यास कधीं कधीं सांधे धरणारा ज्वर येतो, व त्यानें डावीकडील द्विदल झडप हळूहळू आंखडते. मग रक्त फुफ्फुसांत तुंबतें आणि चार पायऱ्या चढतां धाप लागते. दाटीच्या व गरीब वस्तींत हा रोग विशेष. हृदय चालू असतांनाच आंत बोट घालून अशी झडप मोकळी करण्याची शस्त्रक्रिया सेन यांनीं परळास केली.

१९६७ च्या डिसेंबरांत दक्षिण आफ्रिकेंत डॉ. बर्नार्ड यांनीं एका मनुष्याचें हृदय दुसऱ्यास बसविलें. तीन महिने लोटण्यापूर्वींच, १९६८ च्या फेब्रुवारींत, सेन यांनीं भारतांतील पहिलें हृदयारोपण केलें. रुग्ण कांहीं तासांतच वारला. त्याच वर्षींचा दुसरा प्रयत्नही टिकला नाहीं. परंतु अपयशाच्या भयानें पहिलें पाऊल कोणीच टाकलें नाहीं, तर दुसरें पडणार कसें?

कायद्याच्या दृष्टीनें त्यांचें धैर्य अधिकच दिसतें. मेंदू कायमचा बंद पडला, हृदय मात्र चालू आहे, अशा मनुष्यास मृत मानावें कीं काय, याविषयीं त्या वेळीं आपल्याकडे कायदाच नव्हता. सेन १९८२ सालीं निवर्तले. अवयवारोपणाचा कायदा १९९४ सालीं झाला, आणि त्याच वर्षीं दिल्लीस डॉ. वेणुगोपाल यांनीं केलेलें हृदयारोपण यशस्वी झालें.

आतां मोठी अडचण कायद्याची नसून मनाची आहे. मृतदेहास शस्त्र लागल्यास गति मिळत नाहीं, ही भीति अद्याप सुशिक्षितांच्याही घरीं आढळते. अवयवदानास आप्तांची संमति लागते. म्हणून प्रत्येकानें आपली इच्छा जिवंतपणींच घरांत स्पष्ट सांगून ठेवावी. आमच्या भिवंडींत धर्मादाय करणारे कमी नाहींत. मागांच्या वस्तींतील मुलांचे घसे वेळेवर तपासले जातील एवढी तजवीज त्यांनीं केली, तर कित्येक हृदयें शस्त्राविनाच वांचतील. परळचें विद्यालय एका पेढीच्या द्रव्यावर उभें राहिलें, हें त्यांनीं विसरूं नये.