इब्ने सफी : संयमी लेखणीचा धनी

रोजा केवळ पोटाचा नसतो. तो डोळ्यांचा, जिभेचा आणि लेखकासाठी लेखणीचाही असतो. उर्दू रहस्यकथांचे बादशहा इब्ने सफी यांनी हा संयम आयुष्यभर पाळला.

त्यांचे मूळ नाव असरार अहमद. 26 जुलै 1928 रोजी अलाहाबाद जिल्ह्यातील नारा गावी त्यांचा जन्म झाला. वडिलांचे नाव सफीउल्लाह, म्हणून ‘इब्ने सफी’, म्हणजे सफीचा मुलगा. लहानपणीच ‘तिलिस्म-ए-होशरुबा’तील जादूई दुनियेने त्यांना झपाटले. पुढे रायडर हॅगार्डच्या साहसकथा आणि इंग्रजी रहस्यकथा हाती आल्या. सुरुवातीला ते ‘असरार नारवी’ नावाने शायरी करत.

उर्दूत अश्लील पुस्तकांशिवाय काही खपत नाही, असे एका बैठकीत कुणी म्हणाले. असरार यांना ते पटले नाही. वाद घालत न बसता त्यांनी लिहायला घेतले. मार्च 1952 मध्ये अलाहाबादहून ‘जासूसी दुनिया’ सुरू झाली. पहिली कादंबरी ‘दिलेर मुजरिम’. कर्नल फरीदी आणि कॅप्टन हमीद घराघरांत पोहोचले. हिंदी आवृत्तीत फरीदीचा ‘विनोद’ झाला. त्यामुळे उर्दू लिपी न येणारे वाचकही या जोडीच्या प्रेमात पडले.

त्याच वर्षी ते कराचीला गेले, पण त्यांची पुस्तके अलाहाबादेतूनही निघत राहिली. 1955 मध्ये विनोदी, वरवर वेंधळा वाटणारा इम्रान अवतरला. रहस्य, हास्य सारे काही होते, अश्लीलता नव्हती. गुन्हेगार कितीही हुशार असला तरी शेवटी कायदाच जिंके.

1960 ते 1963 ही तीन वर्षे कसोटीची ठरली. स्किझोफ्रेनियाने त्यांची लेखणी थांबवली. घरच्यांची साथ आणि हकिमांचे उपचार यांतून ते सावरले. ‘डेढ मतवाले’ ही पुनरागमनाची कादंबरी आली, तेव्हा भारतात तिचे प्रकाशन लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाले. सीमा ओलांडून गेलेल्या लेखकाचा त्याच्या मूळ भूमीत झालेला हा सन्मान होता.

दोन्ही मालिकांत मिळून त्यांनी सुमारे अडीचशे कादंबऱ्या लिहिल्या. 26 जुलै 1980 रोजी, बावन्नाव्या वाढदिवशीच, कर्करोगाने त्यांचे कराचीत निधन झाले. तेव्हा रमजानचाच महिना सुरू होता. घरातल्या कुणापासूनही लपवावे लागणार नाही, असे एकही पान त्यांनी मागे ठेवले नव्हते, असे नव्हे. त्यांची सारीच पाने तशी होती.