मोजणी शून्यापासून : एड्सगर डायक्स्ट्रा

परीक्षेचा निकाल संगणकावर पाहताना एका पानावर दहा नावे दिसतात. पुढचे पान उघडले की पुढची दहा. मागे शेकडो नावांची एक लांब रांग असते. तिला ‘ॲरे’ म्हणतात. प्रोग्राम तिच्यातील हवा तेवढा तुकडा उतरवून आपल्यापुढे ठेवतो. तुकडा कोठे सुरू करावा नि कोठे थांबवावा, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. पण एका आकड्याची चूक झाली, तर एखाद्याचे नाव दोन पानांवर येते, नाहीतर कोठेच येत नाही! या प्रश्नाचा मुळापासून विचार करणाऱ्यांत एड्सगर डायक्स्ट्रा यांचे नाव अग्रभागी आहे.

त्यांचा जन्म ११ मे १९३० रोजी हॉलंडमधील रॉटरडॅम येथे झाला. वडील रसायनशास्त्रज्ञ, आई गणितज्ञ. लायडन विद्यापीठात शिकत असतानाच १९५१ साली केंब्रिजला जाऊन त्यांनी प्रोग्रामिंगचे धडे घेतले आणि १९५२ पासून ॲमस्टरडॅमच्या गणित केंद्रात ते काम करू लागले. १९५७ साली विवाहनोंदणीच्या वेळी त्यांनी आपला व्यवसाय प्रोग्रामर असा सांगितला. असा व्यवसायच नाही म्हणून अधिकाऱ्यांनी तो लिहून घेतला नाही. अशा या नव्या कामाला शास्त्राची शिस्त लावणे हेच पुढे त्यांचे जीवितकार्य झाले. १९७२ साली त्यांना ट्युरिंग पारितोषिक मिळाले.

११ ऑगस्ट १९८२ च्या एका छोट्या टिपणात त्यांनी मोजणीचा हा प्रश्न सोडवून दाखविला. मोजणी शून्यापासून करावी. आरंभीचा क्रमांक धरावा, शेवटचा सोडावा. म्हणजे पहिले पान ० ते १०, दुसरे १० ते २०. वजाबाकी केली की नोंदींची संख्या मिळते आणि एका पानाचा शेवट हाच पुढच्याचा आरंभ ठरतो. आम्हां वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना हे परके नाही. रोजकीर्दीत आजची अखेरची शिल्लक हीच उद्याची आरंभीची शिल्लक असते. सांधा जुळला की हिशेब जुळतो.

ही पद्धत त्यांनी शोधली असे नव्हे. ती का बरोबर, हे त्यांनी पटवून दिले. जावास्क्रिप्टची ‘स्लाइस’ आणि जावाची ‘कॉपी-ऑफ-रेंज’ ही दोन्ही साधने याच नियमाने चालतात. तरी सावधगिरी हवीच. नावे ४५ असता ४० ते ५० मागितली, तर स्लाइस पाच देऊन थांबते. कॉपी-ऑफ-रेंज मात्र उरलेल्या पाच जागा रिकाम्या भरून देते. शेवटच्या पानाची मर्यादा प्रोग्राम लिहिणाऱ्यानेच पाहावी लागते.

१९८४ साली डायक्स्ट्रा अमेरिकेत ऑस्टिन येथे प्राध्यापक झाले आणि १९९९ साली निवृत्त झाले. ६ ऑगस्ट २००२ रोजी हॉलंडमधील न्यूनेन येथे त्यांचे निधन झाले. तेराशेहून अधिक टिपणे त्यांनी मागे ठेवली. त्यांतील बहुतेक शाईच्या पेनने, सुवाच्य अक्षरात लिहिलेली. त्यांच्या प्रत्येक टिपणावर क्रमांक असे. मोजणीची शिस्त शिकविणाऱ्या या गुरूने ती स्वतःही पाळली.